पांढरी पाचचा भुंगा

आमच्या घरात एक भुंगा होता आणि माझा नवरा त्याच्या जिवावर उठला होता. खराखुरा भुंगा नव्हे हो. स्पीकरमधून येणारी घूंऽऽ अशी एकसुरी गुणगुण. कॅसेट चालू असली की ती गाण्याच्या मागे असायची, कॅसेट संपली की एकटीच उरायची. नवरा कुठल्याशा मासिकात वाचून तिला 'हम' म्हणायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कान टवकारले आणि म्हणाल्या, "भुंगा शिरलाय रे तुझ्या डब्यात." झालं, घरात तेच नाव पडलं.

आम्ही तेव्हा नुकतेच आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून मयूर विहारला आलो होतो. सासरे वीज खात्यातून निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि सोसायटीतला फ्लॅट, ज्याचं बांधकाम संपतंय संपतंय म्हणत माझं लग्नही होऊन गेलं होतं, तो एकदाचा हातात आला. दिल्लीचे लोक त्या भागाला नाक मुरडून 'जमनापार', म्हणजे यमुनेपलीकडचा, म्हणायचे. मी मूळची पुण्याची, मला काय, पेठा सोडल्या तर सगळं जग पलीकडचंच. पण सासूबाईंची सगळी हयात आर. के. पुरममध्ये गेलेली. तिथल्या भाज्यांच्या गाड्या, तिथलं महाराष्ट्र मंडळ, तिथला गणपती. त्या इथे आल्या आणि पहिले काही महिने पाहुण्यासारख्या वावरल्या.

नवऱ्याला नोएडात नव्या कंपनीत नोकरी लागली होती. ती वर्षंच तशी होती. आधी ज्या वस्तूंसाठी परदेशातल्या मामाची वाट बघावी लागायची त्या एकदम दुकानाच्या काचेत येऊन बसल्या. शेजारपाजारी कोणी मोठा टीव्ही घेतला, कोणी गाडी बुक केली. आमच्या ह्याने स्टिरिओ घेतला. एकत्र जोडलेला नव्हे, सुटा सुटा: डेक वेगळा, ॲम्प्लिफायर वेगळा, स्पीकर माझ्या कमरेएवढे. आणि घेतला कोणासाठी, तर आईसाठी. "आईला स्वच्छ ऐकू यायला पाहिजे, बिल्कुल समोर बसून गातायत असं," म्हणायचा. मला वाटायचं, किती गुणाचा मुलगा आहे. मग भुंगा निघाला आणि गुणांची जागा वेडाने घेतली.

त्याचं म्हणणं असं, की सगळं पाप त्या तारेचं. डेकमधून आवाज ॲम्प्लिफायरमध्ये जातो तो एका वीतभर तारेतून, जिच्या टोकांना एक लाल आणि एक पांढरी अशी बोंडं असतात. डेकबरोबर ती फुकट आली होती, शेवईएवढी जाड. "एवढी महागाची मशिनं आणि मध्ये हा सुतळीचा तुकडा! हिच्यावर जाळीचं कवच नाही, आजूबाजूच्या विजेचा सगळा कचरा ही आत ओढून घेते." मग सुरू झाली शोधयात्रा. लाल किल्ल्यासमोरच्या इलेक्ट्रॉनिकच्या बाजारातून तो दर शनिवारी नवी तार घेऊन यायचा. बोटाएवढी जाड, निळी, काळी, सोनेरी बोंडांची, विणलेल्या सालीची. आल्याबरोबर कपाट पुढे ओढायचं, मागे शिरायचं, आणि मागूनच ओरडायचं, "आता सांगा! आता फरक आहे की नाही?"

मला मेलीला काही फरक कळायचा नाही. मी म्हणायची, "आहे आहे, खूपच छान," कारण पोळ्या करपत असायच्या. हा खूश होऊन सांगायचा, "बघ, आवाज मोकळा झाला. मधला पडदा गेला." पुढच्या शनिवारी दुसरी तार, आणि पुन्हा पडदा जायचा. किती पडदे होते देव जाणे. मी एकदा म्हटलंही, "अरे, एवढे पडदे गेले, आता गवयाच्या अंगावर काही उरलंय की नाही?" दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

खरे कान होते ते सासूबाईंचे. एकदा ह्याने घाईत लाल बोंड पांढऱ्याच्या जागी लावलं. आम्ही सगळे माना डोलावतोय आणि त्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "तबलजी उठून पेटीवाल्याच्या जागेवर का बसलाय?" नवऱ्याने मागे जाऊन बघितलं आणि गुपचूप बोंडं बदलली. तारेतारेत फरक असतो का असं विचारलं की त्या म्हणायच्या, "थोडा असतो रे. पण गाणाऱ्यात असतो तेवढा नाही."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. सासूबाई गायच्या. मंडळाच्या गणपतीत वर्षानुवर्षं पहिलं गाणं त्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. घरी निवांत बसल्यावर त्यांचा मिरजेचा तंबोरा मांडीवर यायचा, आणि सासरे पेपर तोंडावर घेऊन शेजारच्या खोलीत झोपायचे. माझ्या मनात यायचं, काय हा माणूस, बायको एवढी सुंदर गाते आणि हा घोरतो.

क्वार्टर सोडायच्या आधीचा शेवटचा गणपती. त्या दिवशी पेटीवर एक नवा मुलगा होता. मध्येच तो वाकून, अगदी अदबीने म्हणाला, "काकू, तुमचा सा जरा उतरतोय. पट्टी खाली घेऊ या का?" त्या हसल्या, मान हलवली, गाणं पुरं केलं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर साडीची घडी घालता घालता मला म्हणाल्या, "माझा सा हलतो आता. बास झालं." घर बदलताना टेम्पोत तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो. त्या मात्र म्हणाल्या, "बरं झालं. सुंठीवाचून खोकला गेला."

ज्या बाईचा सकाळी चहा ढवळतानासुद्धा गळा चालू असायचा, तिचं घर एकदम गप्प झालं. तंबोरा दुरुस्तीला मिरजेला पाठवू म्हटलं तर म्हणाल्या, "तो काय लग्नाला निघालाय?" नवऱ्याने विजेवर चालणारा तंबोरा आणला, छोट्या रेडिओएवढा डबा. त्यांनी बटण दाबलं, दोन मिनिटं ऐकलं, बंद केला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर त्या चष्मा काढून ठेवायला लागल्या. आम्ही तिघंही त्यांच्या मागे लागलो होतो, गा ना, म्हणा ना, आणि जितकं मागे लागावं तितक्या त्या आत जात होत्या. त्यांना वाटायचं आपण बेसूर झालो, आणि ही भीती अशी, की ती खोटी आहे हे दुसऱ्याने सांगून उपयोग नसतो.

त्या थंडीत एक गंमत सुरू झाली. नवरा संध्याकाळी ऑफिसमधून यायचा, कॅसेट लावायचा आणि स्पीकर एकदम गर्जायचे. "यार, कोणी हात लावला माझ्या आवाजाच्या बटणाला?" मी म्हणायची, "मी नाही बाई." कामवाली म्हणायची, "मैंने तो कपड़ा भी नहीं मारा, भैया." सासूबाई मेथी निवडत असायच्या, एकेक पान अगदी मन लावून. सासरे पेपरात.

मी जवळच्याच बालवाडीत शिकवत होते, दुपारी घरी यायची. जेवणं झाली की सासूबाई म्हणायच्या, "जा, पड जरा, पोरांनी डोकं खाल्लं असेल." मी जाऊन पडायची आणि मला लगेच झोप लागायची. एके दिवशी लागली नाही. बाहेर खट असा बटणाचा आवाज झाला. मग भुंगा सुरू झाला, आणि हळूहळू मोठा झाला, नेहमीपेक्षा कितीतरी मोठा. कॅसेट काही लागली नाही. मी उठून दाराच्या फटीतून बघितलं.

सासूबाई सतरंजीवर बसल्या होत्या, स्पीकरला टेकून, डोळे मिटलेले, एक हात मांडीवर. आणि त्या सा लावत होत्या. भुंग्यावर! त्याच्या घूंऽऽ मध्ये त्यांचा आवाज असा मिसळला की कुठलं यंत्र आणि कुठलं माणूस हे मला क्षणभर कळेना. मी तशीच अनवाणी, गार फरशीवर उभी राहिले आणि रडायला लागले, बाई. कारण नाही, काही नाही. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांतली पाचवी, पांढरी पाच, ती त्यांची पट्टी. आणि आमचा भुंगा नेमका त्याच सुरात गुणगुणायचा. सुरात मुरलेल्या बाईला हे पहिल्या दिवशीच कळलं असणार. आम्ही दिलेला डबा त्यांनी घेतला नाही, कारण त्याच्यामागे आम्ही तिघं आशाळभूतासारखे बघत उभे होतो. भुंगा कोणासाठीच गात नव्हता. त्याच्यासमोर चुकलं तरी चालणार होतं.

मी ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो संध्याकाळी पेढे घेऊन आला असता, "आई, तू गातेस म्हणे!" आणि संपलंच असतं सगळं. मी रोज दुपारी जाऊन पडायची, डोळे मिटायची आणि ऐकायची. पलीकडच्या खोलीत सासरे तोंडावर पेपर घेऊन झोपलेले असायचे. सा, मग सा-रे, मग भूपाच्या दोन-चार जागा. कधी मध्येच थांबून मांडीवर थाप मारायच्या, "श्या!" आणि पुन्हा सुरुवात करायच्या. वीस मिनिटं, अर्धा तास. मग खट, आणि मेथी.

आणि इकडे ह्याचं भुंगा मारायचं वेड टिपेला पोचलेलं. कोणीतरी सांगितलं अर्थिंग खराब असेल, तर ह्याने खालच्या बागेत खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा पुरायला घेतला. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, त्यांना वाटलं काही तरी करणी चाललीय. ते प्रकरण सासऱ्यांनी मिटवलं. भुंगा मात्र जिवंतच. मी मनातल्या मनात देवाला हात जोडायची, की बाबा रे, वाचव त्याला.

देवाने नाही ऐकलं. ऑफिसातला एक जण सिंगापूरहून येताना तार घेऊन आला. काय तो थाट! मखमली पिशवी, त्यात ती नागिणीसारखी वेटोळं घालून बसलेली, बोंडं दागिन्यासारखी. ह्याने रविवारी अंघोळ करून ती जोडली. बटण दाबलं. काही नाही. बटण वाढवलं, आणखी वाढवलं. काहीच नाही. शांतता. नवरा जमिनीवर बसकण मारून म्हणाला, "मेला." त्याचे डोळे खरंच भरून आले होते. मग कॅसेट लावली, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलासुद्धा फरक कळला. गाणारी बाई श्वास घ्यायची तो ऐकू आला. "आई, बघ! आता कसं?" सासूबाई म्हणाल्या, "छान रे. खूपच छान. माझ्यासाठी किती करतोस." आणि आत गेल्या.

सोमवारी दुपारी मी पडले. खट झालं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा खट. मी बाहेर आले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. "झोप नाही लागली?" म्हणाल्या. मंगळवारी खट पण नाही झालं. बुधवारी त्यांनी दुपारी लोणच्याच्या बरण्या काढून पुसल्या, ज्या पुसायची काही गरज नव्हती. मला त्या सिंगापूरच्या तारेचा असा संताप आला! कानामागून आली आणि तिखट झाली. गुरुवारी सकाळी मी ठरवलं, शाळेला दांडी मारायची, सासूबाई भाजीला गेल्या की कपाट ओढायचं आणि जुनी शेवई परत लावायची. नवऱ्याला काय सांगायचं ते नंतर बघू.

त्या गेल्या. मी हॉलमध्ये आले तर कपाट आधीच पुढे ओढलेलं. मागून टॉर्चचा उजेड येत होता आणि दोन पाय बाहेर आले होते, पायजमा घातलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले. सासरे!

"बाबा?" मी म्हटलं.

पाय एकदम स्तब्ध झाले. मग आतून आवाज आला, "पांढरं बोंड वरच्या भोकात की खालच्या? माझा चष्मा बाहेर राहिलाय."

मी चष्मा दिला. त्यांनी जुनी तार लावली, सिंगापूरवाली नीट वेटोळं करून मखमली पिशवीत घातली आणि पिशवी पेपरांच्या रद्दीखाली ठेवली. मग भिंतीला धरून उठले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही झोपलेले नसता?" मी विचारलं.

"तिच्या गाण्यात मी आजवर झोपलेलो नाही," ते म्हणाले. "समोर बसलो की ती बिचकते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात बसलो होतो, चूक झाली म्हणून उठून गेली. तेव्हापासून पेपर."

मघा म्हटलं ना, मी त्या माणसाला घोरणारा म्हणत होते.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी वीज खात्यातल्या माणसालाच ठाऊक असणार. भुंगा म्हणजे विजेचाच सूर. वीज जागेवर असली की तो पांढरी पाचच्या केसभर वर बसतो. गावात लोड वाढला, कूलर सुरू झाले, की विजेचा वेग मंदावतो आणि भुंगा हळूहळू खाली येतो. "थंडीत ठीक होतं," ते म्हणाले. "आता उकाडा सुरू होतोय. ती भुंग्यावर सा लावते, भुंगा गुपचूप खाली सरकतो, आणि तिला वाटतं आपणच हललो. म्हणून ते 'श्या!' "

"मग सांगा ना त्यांना, बाबा!"

"मी सांगून तिला कधी काय पटलंय? वाईट वाटू नये म्हणून बोलतोय असंच म्हणेल. तिचं तिला कळायला पाहिजे."

तेव्हापासून आम्हा दोघांचा कट. शनिवार-रविवार नवरा घरी, म्हणून शुक्रवारी रात्री तो झोपला की सिंगापूरची तार. सोमवारी तो गेला की शेवई. रोज संध्याकाळी नवरा चक्रावून जायचा. "रविवारी बिल्कुल साफ असतं, आणि मंडे आला की भुंगा हजर! हे काय आहे?" सिंगापूरच्या तारेवर त्याची एवढी श्रद्धा, की कपाटामागे बघायचं मनातही आलं नाही. मग त्याने स्वतःच शोध लावला, की आठवडाभर फॅक्टऱ्या चालतात, त्यांचा कचरा लाईनमध्ये येतो, रविवारी त्या बंद असतात. सासऱ्यांनी पेपर खाली घेऊन, वीज खात्यातल्या सगळ्या नोकरीचा आब राखत सांगितलं, "शक्य आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला.

दुपारी पुन्हा खट व्हायला लागलं. पण 'श्या' वाढत चाललं होतं. चैत्र लागला, कूलर घरघरायला लागले, आणि एके दुपारी त्या मध्येच थांबल्या आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या, "नाहीच जमत आता." मी उठून सगळं सांगायला निघाले, आणि दारातच थांबले. बाबांचं खरं होतं, पटलं नसतं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आम्ही शुक्रवारी केलं. नव्या घरातलं पहिलं. पायऱ्यांची आरास केली, गौर झोपाळ्यात बसवली, आंब्याची डाळ वाटली, पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या. नवरा लवकर घरी आला, सतरंज्या घातल्या आणि सनईची कॅसेट लावली. मागून भुंगा होताच. "फ्रायडे आहे ना," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आज नेमकं कसं बंद होईल!" मग बायका यायला लागल्या तशी मी त्याला आणि सासऱ्यांना आतल्या खोलीत घालवलं. मयूर विहारातल्या मराठी बायका होत्या, आर. के. पुरमहून दोन बस बदलून आलेल्या होत्या, आणि शेजारच्या पंजाबी आंटी होत्या, ज्यांना हळदीकुंकू म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण डाळ आवडली होती.

पन्हं फिरलं. कॅसेट संपली. गप्पांमध्ये एक पोकळी आली, तशी येतेच, आणि त्यात फक्त भुंगा राहिला. पंजाबी आंटी म्हणाल्या, "बहनजी, सुना है आप गाती थीं?"

थीं. सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मी पन्ह्याचा तांब्या घट्ट धरला. त्या नेहमीसारखं "नको हो" म्हणणार, असं वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या स्पीकरजवळच बसल्या होत्या. मान किंचित तिकडे झुकली. त्या ऐकत होत्या. मग डोळे मिटले, हात मांडीवर गेला, आणि त्यांनी सा लावला.

बायका गप्प झाल्या. भूप होता. आधी दबकत, दुपारच्यासारखा. मग आवाज उघडत गेला. आर. के. पुरमच्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी आतल्या दाराकडे बघितलं. ते बोटभर उघडलं होतं.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला, फ्रिज थांबला, आणि भुंगा थांबला. इतकी चिडीचूप शांतता की समईच्या वातीची तडतड ऐकू यायला लागली. गेलं, मी म्हटलं. आता हिच्या पायाखालची फळी गेली, आता थांबणार, सगळ्यांसमोर थांबणार, आणि पुन्हा म्हणून कधी गाणार नाही.

त्या थांबल्या नाहीत. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. बायका वर्तमानपत्राने, पदराने वारा घेत बसल्या होत्या, समयांचा उजेड होता, आणि त्या उजेडात त्या गात राहिल्या. नुसता एक आवाज, आधाराला काही नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. घाम पाठीवरून ओघळत होता आणि कोणी हललं नाही.

मग लाईट आली. पंखा कुरकुरला, फ्रिज थरथरला, आणि भुंगा सुरू झाला. आला तो खाली. संध्याकाळची वेळ, सगळ्या दिल्लीचे कूलर एकदम चालू झालेले. तो इतका खाली आला होता की माझ्यासारख्या ढब्बूलाही कळलं. त्यांचा सा एकीकडे, भुंगा दुसरीकडे, आणि दोघांमध्ये कचकच. पेटीवरचा तो मुलगा आठवला मला. सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या थांबल्या. हात मांडीवरून उचलला, आणि मी 'श्या'ची वाट बघायला लागले.

त्यांनी पुन्हा सा लावला. भुंग्याकडे न बघता, आपला. मग एक डोळा उघडून स्पीकरकडे बघितलं, कान दिला, पुन्हा सा लावला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू आलं ना, ते मी जन्मभर विसरणार नाही.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "लाईट उतरलीय! मी जागेवर आहे."

बायका हसल्या, त्यांना ते गमतीचं वाटलं. मी हसले आणि रडले, दोन्ही. तेवढ्यात आतलं दार उघडलं. सासरे बाहेर आले, बायकांच्या हळदीकुंकवात, आयुष्यात पहिल्यांदा, लेंगा-बनियनवर. नवऱ्याने नंतर सांगितलं, लाईट आल्यापासून ते दाराच्या फटीला कान लावून उभे होते. 'भुंग्यामागे खाली गेली तर संपलं' म्हणत होते, आणि हा बिचारा विचारत होता, 'कोण खाली, बाबा?' ते वाट काढत स्पीकरपर्यंत आले, कमरेत वाकले आणि ॲम्प्लिफायर बंद केला. खट.

"बेसूर आहे तो," यंत्राकडे बोट दाखवून ते म्हणाले. "उगाच तुला त्रास." आणि परत निघाले, खाली मान घालून.

"कुठं निघालात?" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं पेपराखालून ऐकलंत. बसा आता समोर."

ते तिथेच थबकले. त्यांना वाटत होतं तिला माहीत नाही. पंजाबी आंटींनी सरकून जागा केली. ते बसले, मांडी घालून, गुडघ्याच्या पट्ट्यांसकट, पन्ह्याचे पेले आणि हळदकुंकवाच्या वाट्यांच्या मधोमध. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सासरे ऐकत होते, आणि तोंडावर घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.